येतं का रे, असं विचारू नका. करून दाखवायला सांगा

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या सीएनसी शॉपमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे पार्ट कापतात तिथे) मी प्रोडक्शन बघतो. ऑडिट जवळ आलं की फॉर्म यायचा: कोणाला कसलं ट्रेनिंग हवं? मी दरवर्षी 'फाइव्ह एस, सेफ्टी' (म्हणजे नीटनेटकेपणा आणि सुरक्षितता) लिहून सही ठोकायचो. रिजेक्शन, म्हणजे नापास पीस, जागच्या जागी.

आता आधी माणसं बाजूला ठेवतो आणि काम लिहून काढतो. 'सीएनसी ऑपरेटर' असं मोघम नाही. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) वाचणं, जॉब क्लॅम्प करणं (पार्ट मशीनवर घट्ट बसवणं), इन्सर्ट (कापणारं पातं) बदलून ऑफसेट देणं (नव्या पात्याचं माप मशीनला सांगणं), पहिला पीस तपासणं. 'मशीनचे ज्ञान असणे' लिहिलंत तर तपासणार काय, कपाळ? यादी केबिनमध्ये बसून होत नाही. सगळ्यात तयार ऑपरेटरशेजारी पूर्ण शिफ्ट उभे राहा. आमचे अण्णा इन्सर्ट घासलेला नुसत्या आवाजावरून ओळखतात. हे कुठल्याच एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) नव्हतं. एक रात्रपाळीही बघाच. आमच्याकडे रात्री सेटर (मशीन लावून देणारा) नसतो, म्हणजे त्याच पदाचं काम रात्री वेगळं.

मग तक्ता. वर कामं, डावीकडे नावं, प्रत्येक घरात चार भागांचा गोल. एक भाग रंगवला तर शिकतोय, दोन म्हणजे कुणी सोबत असेल तर करतो, तीन म्हणजे एकट्याने, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. रंगवताना तोंडी विचारू नका. कच्चा माणूस हो म्हणतो, पक्का माणूस संकोचाने 'थोडंफार' म्हणतो. आपण आधी मोजून ठेवलेले पाच पीस त्याला मोजायला द्यायचे, त्याचे आकडे आपल्या आकड्यांशी ताडायचे.

इथेच मी फसलो. औंध आयटीआयतून टर्नर होऊन आलेल्या पोराचे पाचही आकडे चुकले. मी त्याला दोन दिवस मोजमापाच्या क्लासला बसवलं. परत तेच. नंतर डोक्यात उजेड पडला: पाचही आकडे बरोब्बर 0.02 मिमीने जास्त होते! हात कच्चा असता तर आकडे वरखाली झाले असते. त्याच्या मायक्रोमीटरचा (बारीक मापं घ्यायच्या साधनाचा) झिरोच सरकला होता. मी मात्र क्वालिटीच्या मायक्रोमीटरने मोजलं होतं. मोजण्याआधी झिरो बघायची सवय त्याला नव्हती, ती यादीत घातली. बाकी क्लास फुकट. म्हणून ट्रेनिंग लिहिण्याआधी चांगलं साधन, पुरेसा उजेड आणि ताजं ड्रॉइंग देऊन तेच काम एकदा करून घ्या.

सगळे गोल भरायच्या मागे लागू नका. उभा रकाना बघा: कुठलं काम एकाच माणसावर टांगलंय? आमच्या इन्सर्टच्या रकान्यात अण्णा सोडून कुणीच तीनपर्यंत पोचलं नव्हतं, आणि अण्णा आषाढात वारीला जाणार म्हणजे जाणार. यंदा आळंदीहून पालखी निघायच्या दोन महिने आधी त्याच पोराला त्यांच्या मशीनवर लावलं. अण्णा पंढरपुरात असताना त्याने दोनदा वेळेत इन्सर्ट बदलला. एकदा उगाचच बदलला. त्याचा गोल मी तीनवर ठेवलाय.