कळतं, पण वळत नाही: काम नेमकं कुठे अडतं ते कसं शोधावं

माझ्यासमोर बसलेले घरचे लोक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात: "त्यांना सगळं कळतं हो, पण करत नाहीत." कुणाचा नवरा पक्षाघातातून उठलेला असतो, कुणाच्या मुलाला स्किझोफ्रेनिया असतो, कुणाच्या आईला पार्किन्सन्स, तर कुणाच्या भावाच्या डोक्याला अपघातात मार लागलेला असतो. आजार निरनिराळे, तक्रार तीच. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारानंतर माणसाची रोजची कामं पुन्हा त्याच्या हाती यावीत, हे माझं काम. खाली लिहिलंय ते अशा माणसासोबत राहणाऱ्यांसाठी.

आधी 'आळस' हा शब्द बाजूला ठेवा. काम ठरवणं, वेळेवर सुरू करणं, पुढची पायरी डोक्यात धरून ठेवणं, परिस्थिती बदलली की मार्ग बदलणं आणि नको ते हातून घडण्याआधी स्वतःला आवरणं, या सगळ्या क्षमतांना मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि त्याला मेंदूच्या खोल भागांशी जोडणारं जाळं यांच्यावर त्या अवलंबून असतात. जाळं लांबवर पसरलेलं असल्यामुळे इजा कपाळामागे नसतानाही हा त्रास होतो; पार्किन्सन्समध्ये मूळ बिघाड खोल भागात असतो, तरी नियोजन ढासळतं. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी फ्रंटल लोबला, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला, इजा झालेल्या रुग्णांचं फार बारकाईनं वर्णन केलंय: सूचना काय होती असं विचारलं तर रुग्ण ती बरोबर म्हणून दाखवतो, पण हात तसा चालत नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी 1963 मध्ये पत्ते लावण्याच्या चाचणीत पाहिलं की फ्रंटल भागावर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण नियम बदलल्यावरही जुन्याच नियमानं पत्ते लावत राहतात. म्हणून "किती वेळा सांगितलं" याचा इथे उपयोग होत नाही. सांगितलेलं पोचलेलं असतं. अडतं ते त्याच्या पुढे.

आता एक काम निवडा. एकच. "घरात लक्ष घालणं" हे काम नव्हे. "सकाळची औषधं घेणं" किंवा "आंघोळ करून कपडे बदलणं" हे काम. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी ते होताना शांतपणे पाहा आणि मध्ये बोलू नका. गॅस, कडक गरम पाणी, रस्ता किंवा पडण्याची भीती असेल तिथे अर्थातच लगेच पुढे व्हा. वहीत स्वभाव लिहू नका, घडलं ते लिहा. "लक्षच देत नाहीत" या नोंदीतून मला काहीच समजत नाही. "टॉवेल घेतला, दारापर्यंत गेले, टीव्हीचा आवाज आला, परत येऊन बसले, टॉवेल मांडीवरच होता" ही नोंद मला अर्धं उत्तर देते.

नोंदी वाचताना स्वतःला विचारा: काम सुरूच झालं नाही, की सुरू होऊन मध्ये सुटलं? एकाच पायरीवर घुटमळलं का? की थांबायला हवं तिथे थांबलं नाही?

सुरू न होणं घरच्यांना सगळ्यात जास्त दुखावतं, म्हणून त्यावर जरा थांबते. ओळखण्याची साधी रीत अशी: पहिली हालचाल तुम्ही करून द्या. ब्रशवर पेस्ट लावून तो हातात द्या आणि बाजूला व्हा. तिथून दात घासणं शेवटपर्यंत नीट झालं, तर काम येतंय, फक्त पहिला धक्का आतून मिळत नाहीये. ब्रश हातात धरून माणूस तसाच उभा राहिला, तर अडचण पुढच्या पायऱ्यांत आहे. डिप्रेशनमध्येही सुरुवातच होत नाही आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण डिप्रेशनमधला माणूस बऱ्याचदा त्याबद्दल झुरत असतो, स्वतःला दोष देतो. मेंदूच्या इजेनंतरच्या निरिच्छपणात ती टोचणी अनेकदा नसतेच. हा फरक घरी बसून पक्का ठरवू नका, मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण उपचार त्यावर ठरतात. मरणाचे किंवा जगणं नकोसं झाल्याचे शब्द कानावर आले, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्या.

मध्येच सुटणं म्हणजे हेतू डोक्यात टिकत नाही. घुटमळणं म्हणजे एक गोष्ट सोडून दुसरीवर जाता येत नाही: शर्टाचं तेच बटण पुन्हा पुन्हा लावणं, विषय बदलल्यावरही मागच्याच प्रश्नाचं उत्तर देत राहणं. आणि न आवरणं म्हणजे समोर दिसलं ते उचललं, मनात आलं ते बोललं. अकीरा मियाके आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात दाखवलं की आवरणं, बदलणं आणि डोक्यातली माहिती ताजी ठेवणं या तीन क्षमता एकमेकींशी जोडलेल्या आहेत, तरीही वेगळ्या मोजता येतात. एखाद्याची एक बाजू पार कोलमडलेली आणि दुसरी शाबूत असते, ते याचमुळे.

काही बदलायला घेण्याआधी इतर कारणं तपासून घ्या. झोप नीट होते का, दुखतंय का, ऐकू आणि दिसू येतंय का, नवीन औषध सुरू झालंय का? झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या, तसंच अँटिकोलिनर्जिक गटातली (ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाला अडवणारी) औषधं विचार मंदावतात; शंका आली तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून गोळी बंद करू नका. काल बरं असलेलं माणूस आज अचानक गोंधळलं असेल तर हा लेख वाचत बसू नका, दवाखाना गाठा. संसर्गातून आलेला डेलिरियम (अचानक येणारा तीव्र गोंधळ) किंवा नवा पक्षाघात असाच दिसू शकतो.

न्यूरोसायकॉलॉजिस्टचा (मेंदूची कामं चाचण्यांनी तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचा) चाचणी अहवाल असेल तर तो असा वाचा. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. 1935 पासून वापरात असलेल्या स्ट्रूप चाचणीत 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि शाईचा रंग सांगायचा असतो. तिथे स्वतःला आवरणं लागतं हे खरं, पण वाचन, रंग ओळखणं आणि एकूण वेगही लागतो. गुण कमी आले ते यांपैकी कशामुळे, हे तो एक आकडा सांगत नाही. मानसिक आजारांवरच्या संशोधनात ही अडचण फार जुनी आहे. एकाच चाचणीवर अमुक आजाराचे रुग्ण मागे पडले म्हणून "या आजारात आवरण्याची क्षमता जाते" असं लिहिलं जातं, आणि प्रत्यक्षात कदाचित सगळंच संथ झालेलं असतं. ट्रेल मेकिंग चाचणी इथे उपयोगी पडते. तिच्या पहिल्या भागात फक्त आकडे क्रमानं जोडायचे, दुसऱ्यात एक आकडा, एक अक्षर असं आलटूनपालटून जायचं. दोन्ही भागांना वयाच्या मानानं खूप वेळ लागला असेल तर संशय वेगावर घ्या. पहिला ठीक आणि फक्त दुसराच फार लांबला असेल, तर एकावरून दुसऱ्यावर जाणं अवघड होतंय. अहवाल देणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा.

गुण उत्तम आले तरी घरचा अनुभव खोटा ठरत नाही. टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी 1991 मध्ये फ्रंटल इजा झालेल्या तीन जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची बुद्धिमत्ता चाचणीत चांगली होती, नेहमीच्या बऱ्याच चाचण्याही त्यांना जमत होत्या. पण बाजारपेठेत काही साधी कामं ठरावीक नियम पाळून करायला सांगितली, तेव्हा ते विस्कळीत झाले. चाचणीच्या खोलीत शांतता असते, एका वेळी एकच काम असतं आणि "आता सुरू करा" असं सांगणारं कुणीतरी समोर बसलेलं असतं. म्हणजे नेमकी जी गोष्ट रुग्णाला जमत नाही, ती परीक्षकच करून देतो. मॅगी टोपलॅक आणि सहकाऱ्यांनी 2013 च्या आढाव्यात दाखवलं की चाचण्यांचे गुण आणि रोजच्या वागण्याबद्दलच्या प्रश्नावल्या यांचा आपसातला मेळ फारच क्षीण आहे. तुमची वही अहवालाच्या शेजारी ठेवा, खाली नव्हे.

आणि निदानावरून माणूस गृहीत धरू नका. एडीएचडी (लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला आवरण्याची अडचण), डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होणं) या सगळ्यांत चाचण्यांतली गटाची सरासरी खाली दिसते, पण प्रत्येक गटात चाचण्या व्यवस्थित जमणारे लोकही असतात.

आता आधार उभे करू. तत्त्व एकच ठेवा: मेंदूतून जी पायरी गळाली आहे ती बाहेर, डोळ्यांसमोर किंवा कानावर मांडा. फ्रॅक्चर झालेल्या पायाला काठी देतो तसंच. काठी दिली म्हणून कुणी पायाला आळशी म्हणत नाही.

सुरुवात अडत असेल तर काम एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधा. "सकाळी फिरायला जाईन" याऐवजी "चहाचा कप खाली ठेवला की चपला घालीन" असं एक वाक्य माणसानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं आणि स्वतःच्या हातानं लिहायचं. पीटर गोलविट्झर यांनी या जर-तर पद्धतीवर पुष्कळ काम केलंय. 2006 मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 94 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. चपला मात्र कपाटात नकोत, दिसतील अशा ठेवा.

हेतू सुटत असेल तर बाहेरून आठवण हवी. बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 143 जणांवर पेजरचा (छोटे संदेश दाखवणाऱ्या खिशातल्या यंत्राचा) प्रयोग केला, आणि ठरल्या वेळी संदेश आल्यावर बहुतेकांची कामं पुष्कळ जास्त वेळा पार पडली. आज फोनचा अलार्म पुरतो, पण तो नीट लावावा लागतो. नुसती घंटी वाजली तर माणूस ती बंद करतो आणि बसून राहतो. स्क्रीनवर "उठ, निळी डबी, पाणी, गोळी" असं दिसू द्या आणि डबी हाताच्या अंतरावर ठेवा. अलार्म थोडेच ठेवा. सारखे वाजले तर ते ऐकू येईनासे होतात.

घुटमळणाऱ्याला "सोड ते आता" म्हणून फायदा नसतो. दृश्य बदला: झालेली वस्तू नजरेआड करा, पुढची समोर ठेवा, शक्य असेल तर जागाच बदला. कार्यक्रमात बदल होणार असेल तर आधी सांगा, लिहून दाखवा. न आवरणाऱ्यासाठी मोह लांब ठेवणं हे उपदेशापेक्षा कितीतरी परिणामकारक आहे. त्याच्या जोडीला थांबण्याची सवय लावता येते. गोल मॅनेजमेंट ट्रेनिंग या पद्धतीत माणूस कामाच्या मध्ये थांबून स्वतःला विचारतो, "मी आत्ता काय करतोय? मला काय करायचं होतं?" हे प्रशिक्षण जाणकाराकडून घ्यावं; घरी आपण फक्त थांबण्याची खूण ठरवून देऊ शकतो.

पैशांच्या निर्णयांकडे जास्त लक्ष द्या. पॉल एस्लिंगर आणि अँटोनिओ दमासिओ यांनी 1985 मध्ये ईव्हीआर नावानं ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची हकीकत मांडली: ट्यूमर काढल्यावर बुद्धिमापनात तो सरासरीच्या खूप वर, पण व्यवसाय आणि संसार दोन्ही उद्ध्वस्त. हुशार बोलणं ऐकून व्यवहार शाबूत आहे असं मानू नका. मोठ्या रकमेआधी एक दिवस थांबायचं आणि दुसऱ्या माणसाशी बोलायचं, हा नियम त्यांच्याशी बसून, त्यांच्या संमतीनं ठरवा. लपूनछपून कार्ड काढून घेतलं तर पैसा वाचतो आणि विश्वास जातो. काही रुग्णांना स्वतःची अडचण जाणवतच नाही, तोही आजाराचाच भाग असतो. तिथे वाद घालू नका, काम दोघांनी मिळून करा आणि शेवटी विचारा, "कसं झालं असं वाटतं?"

मेंदूच्या व्यायामाची ॲप्स घ्यावीत का, असं सगळेच विचारतात. मी त्यांच्यावर वेळ घालवायला सांगत नाही. मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स हल्म यांच्या 2013 च्या आढाव्यात वर्किंग मेमरीचा (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून वापरण्याचा) सराव करणारे त्या प्रकारच्या खेळात सुधारले, पण तो फायदा इतर कौशल्यांपर्यंत पोचला नाही. गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतील तर सराव गोळ्या घेण्याचाच करा.

एका वेळी एकच बदल करा, दोनतीन आठवडे द्या आणि तीच वही पुन्हा उघडा. काम किती वेळा पूर्ण झालं आणि तुम्हाला किती वेळा बोलावं लागलं, एवढंच मोजा. जमू लागलं म्हणून आधार झटकन काढू नका. आधी तुमचं बोलणं कमी करा, मग खूण लहान करा. काही आधार कायमचे राहतील. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे तीन गोष्टी न्या: वहीची पानं, सगळ्या औषधांची यादी, आणि आजाराआधी हे माणूस हेच काम कसं करायचं याचं दोन ओळींत वर्णन.