कार्बन चिमट्याचा स्टिअरर कापताना या चुका टाळा

कार्बनचा चिमटा, म्हणजे सायकलचं पुढचं चाक धरणारा कार्बन फायबरचा फोर्क, खराब होतो तो बहुतेक वेळा लोखंडी सायकलीच्या सवयींमुळे. नळी पाइप कटरने कापायची, आत स्टार नट (दातेरी कडांचा, नळीत अडकून बसणारा नट) ठोकायचा, सगळीकडे ग्रीस फासायचं आणि बोल्ट कचकचून आवळायचा. लोखंडाला हे सगळं चालतं, कार्बनला यातलं एकही चालत नाही. त्यात आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात असा चिमटा मिळत नाही. नागपूर-अमरावतीला शोधावा लागतो, नाहीतर कुरिअरची वाट पाहावी लागते. स्टिअरर, म्हणजे चिमट्याची वर हँडलकडे जाणारी नळी, एकदा आखूड कापली गेली की तिला जोड नाही. तो चिमटा गेला.

माप घेताना

सगळ्यात महाग चूक करवतीने होत नाही, माप घेताना होते. हेडसेटचा, म्हणजे चिमटा ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या संचाचा, एखादा भाग बसवायचा राहिला आणि तसंच माप घेतलं, की खूण जागेच्या खाली येते. तळाची क्राउन रेस (खालचं बेअरिंग जिच्यावर टेकतं ती कडी), वरच्या बेअरिंगवरची चीर असलेली कॉम्प्रेशन रिंग आणि त्यावरचं झाकण हे तीन भाग हमखास विसरतात. म्हणून दोन्ही बेअरिंग, रिंग, झाकण, स्पेसर (नळीवर चढणाऱ्या उंचीच्या कड्या) आणि जो स्टेम (हँडल नळीला जोडणारा तुकडा) कायमचा वापरायचा आहे तोच, हे सगळं लावूनच खूण करा. नवा स्टेम अजून यायचा असेल तर थांबा. स्टेमची नळीवरची उंची साधारण 40 मि.मी. असते, पण प्रत्येक स्टेमची तेवढीच नसते. खूण करताना चिमटा खालून वर घट्ट दाबून धरायला कोणाला तरी सांगा.

खूण कुठे करायची? स्टेमच्या वर 5 मि.मी.चा एक स्पेसर ठेवा आणि नळी त्या स्पेसरच्या वरच्या कडेपासून 3 मि.मी. खाली संपू द्या. यामुळे दोन कामं होतात. स्टेमची पकड पूर्ण उंचीभर नळीवर बसते आणि टॉप कॅपला (नळीच्या टोकावरच्या झाकणाला) खाली दाबायला जागा उरते. वर स्पेसर न ठेवता नळी स्टेमच्या आतच संपवली, तर स्टेमचा वरचा बोल्ट नळीच्या अगदी टोकाशी दाब देतो. नळी चिरायची सुरुवात बहुधा तिथूनच होते. तुमच्या चिमट्याच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. स्टेमखाली किती स्पेसर चालतील हेही तिच्यातच असतं. बरेच उत्पादक 30 ते 40 मि.मी.च्या वर जाऊ देत नाहीत.

हँडल किती उंच हवं याची खात्री नसेल तर कापायची घाई करू नका. जास्तीचे स्पेसर स्टेमच्या वर रचा, काही आठवडे डांबरी रस्त्यावर आणि पांदणीवर चालवून पाहा. कंबर, मान आणि मनगटं काय सांगतात ते बघून मगच करवत हातात घ्या.

कापताना

प्लंबरचा पाइप कटर नळीला चेपत कापतो, त्याने कार्बनचे थर आतल्या आत सुटतात. वेल्डिंगच्या दुकानातला ग्राइंडर धागे जाळतो, राळ तापवतो आणि धूळ सगळीकडे उडवतो. दोन्ही नकोत. साधी हँड हॅकसॉ पुरते, लाइट गेलेली असली तरी काम होतं. तिला कार्बनसाठीचं खरखरीत ब्लेड लावा, किंवा इंचाला 32 दात असलेलं बारीक आणि कोरं ब्लेड. बोथट ब्लेड धागे कापत नाही, उपटतं.

नळी लोखंडी व्हाइसमध्ये थेट धरू नका. एखादा जुना, 28.6 मि.मी. मापाचा स्टेम नळीवर हलका आवळा आणि तो स्टेम व्हाइसमध्ये धरा. त्याचीच कड करवतीला सरळ रेषेसाठी आधार होते. ब्लेडची जाडी साधारण एक मि.मी. असते, ती टाकाऊ बाजूला जाईल असं पाहा. एक्सपांडर प्लग (नळीच्या आत फुलून घट्ट बसणारा, टॉप कॅपचा बोल्ट धरणारा तुकडा) आत असेल तर आधी काढून घ्या.

कापायच्या जागी मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या, टेपवर पुन्हा खूण करा. ब्लेड पाण्याने ओलं ठेवा आणि जोर न लावता चालवा. एका बाजूने दोन तृतीयांश कापून झालं की नळी फिरवा आणि उरलेलं उलट बाजूने कापा. एकाच बाजूने शेवटपर्यंत गेलात तर तुकडा गळताना शेवटचे धागे सोलून नेतो, आणि ती चीर नळीत खाली उतरू शकते.

धुळीचं गांभीर्याने घ्या. कार्बनची बारीक धूळ फुप्फुसाला आणि त्वचेला त्रास देते. उन्हाळ्यात तोंडाला बांधतो तो दुपट्टा तिला अडवत नाही. एन-95 मास्क, चष्मा आणि हातमोजे लागतातच. फवारणीला वापरलेला मास्क नको. चालू कूलरसमोर, कुटाराच्या ढिगाजवळ किंवा अंगणात वाळवण पसरलेलं असताना हे काम करू नका. कापून झाल्यावर झाडू मारू नका, हवा मारू नका. ओल्या फडक्याने सगळं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

कड 320 ते 400 नंबरच्या पॉलिश पेपरने, ओली करून, बाहेरून आतल्या दिशेने हलकी घासा. वाळल्यावर तिच्यावर दोन ट्यूबांच्या इपॉक्सीचा किंवा पातळ सुपर ग्लूचा एक हात द्या, म्हणजे उघडे धागे सुटणार नाहीत आणि ओल आत जाणार नाही.

बसवताना

स्टार नटचे दात कार्बनला आतून ओरबाडतात. इथे एक्सपांडर प्लगच हवा, तोही नळीच्या आतल्या व्यासाला जुळणारा. बाहेरचा व्यास सारखा असला तरी आतला चिमट्यागणिक बदलतो. प्लग शक्यतो लांब घ्या. स्टेम बाहेरून जिथे आवळतो तिथे आतून आधार देणं हेही त्याचं काम आहे, आणि आखूड प्लग तेवढं करू शकत नाही. नळीचा आतला भाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून कोरडा करा. तिथे ग्रीस लागलं की प्लग वर सरकतो. ग्रीसची जागा बेअरिंगमध्ये. स्टेम आणि नळीमध्ये, उत्पादकाची मनाई नसेल तर, कार्बन पेस्टचा पातळ थर लावा. त्यातल्या बारीक कणांमुळे कमी आवळूनही पकड मिळते.

क्रम असा: प्लग, मग टॉप कॅप, मग हँडल चाकाच्या रेषेत, आणि शेवटी स्टेमचे बोल्ट. टॉप कॅपचं काम फक्त बेअरिंगमधला खेळ, म्हणजे ढिलेपणा, काढण्याचं. खेळ गेला आणि हँडल मोकळं फिरतंय, की थांबा. स्टेमचे दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. किती आवळायचं (टॉर्क) तो आकडा स्टेमवर छापलेला असतो, बहुतेक वेळा 5 न्यूटन मीटर. चिमट्याच्या पुस्तिकेतला आकडा त्याहून कमी असेल तर तो धरा. प्लगचा आकडा वेगळा असतो, तो प्लगवर पाहा.

टॉर्क रेंच, म्हणजे किती आवळलं ते मोजणारा पाना, विकत घेणं सगळ्यात चांगलं. तो येईपर्यंत लांब दांड्याची एलन की आणि छोटा डिजिटल लटकता काटा वापरता येतो. बोल्टच्या मध्यापासून 10 सें.मी.वर काट्याचा हूक दोरीने बांधा आणि काटकोनात ओढा. 5.1 किलो दिसलं की 5 न्यूटन मीटर झालं. वेचणीचा कापूस मोजायचा मोठा काट्याचा तराजू इथे कामाचा नाही, पाच किलोला त्याचा काटा जेमतेम हलतो.

नंतर अडचण आली तर

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, दुसऱ्या हाताची बोटं वरच्या झाकणावर ठेवा. टॉप कॅप आवळूनही खेळ जात नसेल तर कॅप बहुधा नळीच्या टोकालाच टेकते आहे. वर आणखी एक स्पेसर टाका. तरीही खेळ राहिला तर प्लग वर सरकतोय का, कॉम्प्रेशन रिंग जागेवर आहे का, हे पाहा. हँडल जड फिरत असेल तर आधी स्टेमचे बोल्ट सैल करा, मग टॉप कॅप थोडी सैल करा. स्टेम न सोडता नुसती कॅप फिरवल्याने काही होत नाही.

चढावर उभं राहून पॅडल मारताना कट-कट येत असेल तर आवळत सुटू नका. स्पेसर आणि स्टेमच्या टेकणाऱ्या कडांमध्ये काळ्या मातीची धूळ बसलेली असते. खोलून, पुसून पुन्हा बसवा, बहुतेक वेळा आवाज तिथेच थांबतो. हँडल चाकाच्या रेषेतून फिरत असेल तर पेस्ट लावली आहे का ते आधी पाहा, जास्त टॉर्क हा त्यावरचा उपाय नाही.

पावसाळा संपला की, आणि प्रत्येक जोरदार आपटीनंतर, स्टेम काढून नळी उजेडात पाहा. पांढरी रेघ, उठलेले धागे, बोटाखाली मऊ लागणारी जागा, किंवा नाण्याने टकटक केल्यावर एकाच ठिकाणी बद्द आवाज, यातलं काहीही आढळलं तर ती सायकल चालवत घरीही नेऊ नका. चिमटा बदला, आणि जुन्याची नळी मधून कापून टाका, म्हणजे तो कोणी दुसऱ्या सायकलला लावणार नाही.