मेलबर्नला मैत्रिणीकडे जाताय, घरचे मागे ठेवून?
आधी व्हिजिटर व्हिसा, सबक्लास 600, तो हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. मग घरचं बघा. आईच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आणून ठेवा आणि शेजारच्या काकूंकडे एक किल्ली द्या, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच, म्हणून आपल्या दुपारी चारचा कॉल पक्का करून टाका, नाहीतर आई रात्रभर फोनची वाट बघत बसते. मैत्रिणीसाठी भाजणी, मेतकूट नेणार असाल तर उतरताना भरायच्या इनकमिंग पॅसेंजर कार्डवर (प्रवाशांच्या फॉर्मवर) सगळं डिक्लेअर करा, लपवलं तर जबर दंड बसतो. पॉवर बँक केबिन बॅगेतच. विमानात अधूनमधून उठून चाला, पाय सुजतात.