फॅक्सची इंक फिल्म: हाताळताना

ही फिल्म म्हणजे पातळ पॉलिएस्टरवर मेण आणि कार्बन ब्लॅकचा (काजळीसारखी काळी पूड) थर. सुरक्षा माहितीपत्रकात १६ विभाग असतात. आधी ४ (प्रथमोपचार), ७ (साठवण) आणि १३ (विल्हेवाट) वाचा.

रोल बदलण्याआधी प्लग काढा, थर्मल हेड (उष्णतेने छपाई करणारा भाग) गार होऊ द्या. काळा थर बोटांना लागला तर साबण-पाणी पुरे. थिनर नको, त्वचा कोरडी पडते. डोळ्यात कण गेल्यास न चोळता १५ मिनिटं पाण्याने धुवा. रोल उन्हात ठेवू नका, मेण मऊ होऊन थर चिकटतात.

वापरलेली फिल्म जाळू नका, धूर घातक असतो. शिवाय छापलेल्या मजकुराची अक्षरं तिच्या काळ्या थरात पारदर्शक उरतात आणि स्पष्ट वाचता येतात! म्हणून आधी बारीक कापा, मगच टाका.