हरणासाठी कुठली बुलेट घ्यायची, आणि ती आत गेल्यावर नेमकं काय होतं

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये गन डियर सीझन, म्हणजे बंदुकीने हरणाची शिकार करायचा काळ, नऊच दिवसांचा असतो, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, आणि दरवर्षी त्याच्या दोनेक आठवडे आधी ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन यायला लागतात की कुठली गोळी घेऊ. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असू दे, हे सगळं इथलं आहे, लायसन्स आणि टॅग (एक हरीण मारायची परवानगी) काढून, केशरी जॅकेट घालून केलेल्या शिकारीचं. आणि व्हिसावर असाल तर बंदुकीचे नियम वेगळे आहेत, ते आधी वकिलाकडून समजून घ्या मगच दुकानात जा.

लोक कॅलिबरवरून, म्हणजे काडतुसाच्या मापावरून, भांडत बसतात, २७० चांगली की ३०८ की ६.५ क्रीडमूर. व्हाइटटेल, म्हणजे इथल्या नेहमीच्या हरणाला तिन्ही भरपूर होतात. फरक पडतो तो काडतुसाच्या टोकाला बसवलेल्या बुलेटने, ती कशी बनवलीय आणि हरणापर्यंत पोचेपर्यंत तिचा स्पीड किती उरलाय याने.

हरीण गोळीच्या धक्क्याने मरत नाही, फुफ्फुसं आणि हृदय फाटून रक्त गेल्याने मरतं. म्हणून बुलेट आत शिरल्यावर उघडली पाहिजे, पुढचं मऊ शिसं मागे दुमडून भूछत्रासारखं होतं, रुंदी जवळजवळ दुप्पट होते, आणि तेवढ्या रुंदीने ती दोन्ही फुफ्फुसांतून जाऊन पलीकडून बाहेर पडली की काम झालं. पूर्ण तांब्याचं कवच असलेली मिलिटरी टाइप गोळी उघडतच नाही, बारीक भोक पाडून निघून जाते, हरीण मैलभर पळून कुठेतरी तडफडून मरतं, म्हणूनच बऱ्याच राज्यांत हरणासाठी ती चालत नाही. गंमत बघा, अशा उघडणाऱ्या गोळीला जगभर डमडम म्हणतात ते आपल्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यावरून. १८९९ मध्ये हेगला युद्धात तिच्यावर बंदी आली, पण शिकारीत तीच दयाळू ठरते, कारण जनावर लवकर जातं.

आता प्रकार. साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं आणि बाकी तांब्याचं कवच, ही स्वस्त आणि हरणाला उत्तम, नवीन माणसाला मी हीच सांगतो, ३०८ मध्ये १५० ग्रेन (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). प्लास्टिकच्या टोकाची लांबवर स्पीड टिकवते आणि पटकन उघडते, पण जवळून मारली तर मांस फार नासवते. आतलं शिसं कवचाला चिकटवलेली बाँडेड गोळी हाडावर लागली तरी फुटत नाही. नोझलर पार्टिशन नावाच्या गोळीत मधोमध तांब्याची भिंत असते, पुढचा भाग उघडतो आणि मागचा तसाच आत घुसत राहतो. १९४६ मध्ये जॉन नोझलरच्या गोळ्या एका चिखलाने माखलेल्या मूसवर (हरणाच्या जातीचं अवाढव्य जनावर) फेल गेल्या, त्यातून त्याला ही सुचली. आणि शेवटी पूर्ण तांब्याची, बार्न्स कंपनीच्या गोळीसारखी, ही शिशाच्या गोळीएवढी सहज उघडत नाही, म्हणून स्पीड हवा आणि थोडं कमी वजन घेतलेलं बरं.

स्पीडचं गणित एवढं लक्षात ठेवा. ३०८ ची १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला साधारण २,८०० फुटांनी निघते, ३०० यार्डांवर २,००० च्या आसपास उरते. बऱ्याच बुलेट १,८०० च्या खाली नीट उघडत नाहीत, तुमच्या बुलेटचा आकडा कंपनीच्या साइटवर मिळतो, तो बघा आणि स्पीड तेवढा खाली येतो त्या अंतराच्या बराच अलीकडे थांबा. ३०-३० हे जुनं कॅलिबर हळू आहे पण तिची बुलेट त्या हळू स्पीडलाच उघडेल इतकी मऊ बनवलेली असते, म्हणून झाडीत १५० यार्डांपर्यंत ती आजही मस्त चालते. काडतुसांच्या डब्यावरचा एनर्जीचा आकडा मी बघतच नाही, तो भोक किती मोठं पडेल ते सांगत नाही.

उलटी चूक, म्हणजे फार लवकर फुटणारी गोळी वापरायची, मी स्वतः केलीय. दुसऱ्या सीझनला २४३ कॅलिबरच्या रायफलमध्ये कोयोटीसाठीची (कोयोटी म्हणजे कोल्ह्यासारखं जनावर) हलकी, पातळ कवचाची गोळी भरली होती, तीच मिळाली म्हणून. चाळीस यार्डांवर मादी, गोळी पुढच्या फऱ्याच्या हाडावर लागली आणि वरच फुटली. बाहेर बशीएवढी जखम आणि आत बरगड्यांपलीकडे काहीच नाही. ती तीन पायांवर उठून पळायला लागली, दुसरी गोळी घालावी लागली. सोलताना कवचाचे नखाएवढे तुकडे चामडीखाली सापडले. त्या मादीचं मला अजून वाईट वाटतं, आणि तेव्हापासून कोयोटीची आणि हरणाची काडतुसं मी एका कपाटात ठेवत नाही.

टेक्सासला जाणार असाल तर तिथे चितळं आहेत, १९३० च्या दशकात नेऊन सोडलेली, त्यांना व्हाइटटेलची गोळी चालते. पण दक्षिण टेक्सासातली नीलगाय वेगळी, चामडी जाड, अंग मोठं, जखमेतून रक्त बाहेर फारसं येत नाही, तिथे जड आणि बाँडेड किंवा तांब्याचीच न्या.

नेम कुठे धरायचा, तर हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तिथे साधारण आठ इंचाचं वर्तुळ असतं. बसून, थंडीत, धाप लागलेली असताना त्या वर्तुळात दरवेळी गोळी बसते ते अंतर म्हणजे तुमची लिमिट. तोंड तुमच्याकडे करून उभं असेल तर थांबा, वळू द्या.

गोळी झाडल्यावर लगेच धावू नका. चांगली लागलेलं हरीणही पन्नास-शंभर यार्ड पळतं. अर्धा तास बसा, मग जिथे उभं होतं तिथे जाऊन रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुसं, जवळच पडलेलं मिळेल. गडद लाल म्हणजे कलेजी, तीन-चार तास द्या. हिरवट घाण आणि वास आला तर गोळी कोथळ्यात गेली, निदान आठ तास तरी मागे लागू नका, उठवलंत तर ते दोन मैल जाईल आणि सापडणार नाही.

मांसाचं पण बघा. शिशाची गोळी आत जाताना बारीक विषारी कण सोडते, ते दिसतात त्यापेक्षा लांब पसरतात. काळंनिळं झालेलं मांस आणि आजूबाजूचं हातभर सढळ हाताने कापून टाका, खिमा करण्याआधीच. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर सरळ तांब्याची गोळी वापरा, डबा जरा महाग पडतो. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही. आणि सीझनच्या आधी त्याच डब्यातल्या गोळ्यांनी रायफल झिरो करून (दुर्बिणीचा नेम जुळवून) घ्या, बुलेट बदलली की नेम हलतो.