मुंबईहून क्रूझ पकडणाऱ्या नागपूरकरांनो, जहाजाआधीच्या या चुका टाळा

क्रूझच्या तिकिटावर ‘मुंबई’ वाचलं की नागपुरातल्या घरात लगेच दुसरा कार्यक्रम शिजायला लागतो. जातोच आहोत तर सिद्धिविनायक करू, जुहूला जाऊ, पोरांना एलिफंटा दाखवू, डोंबिवलीच्या मावशीकडे एक रात्र राहू. यातलं एकेक सगळं जमण्यासारखं आहे, पण जहाज सुटायच्या आदल्या चोवीस तासांत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: एक दिवस आधी पोचा, फोर्ट-सीएसएमटीच्या आसपास उतरा आणि जहाजात पाय ठेवेपर्यंत त्या परिसराबाहेर जाऊ नका. लांबचं सगळं परतीच्या दिवसावर ढकला. लोक हे ऐकत नाहीत आणि मग पुढच्या भानगडी होतात.

त्याच सकाळी मुंबईत उतरणं

ही सगळ्यात महागडी चूक, आणि ती कागदावर अगदी शहाणपणाची दिसते. विदर्भ आणि दुरांतो सकाळी सीएसएमटीला पोचतात, बोर्डिंग बहुतेक दुपारी असतं, मग हॉटेलचं भाडं कशाला भरायचं? सेवाग्राम तर दुपारच्या सुमारास पोचते, तरीही काही जण तिचं तिकीट काढतात.

गाडी वेळेवर आली तर काहीच अडत नाही. पण ८३७ किलोमीटरच्या प्रवासात कसारा घाट आहे, आणि कल्याणपासून पुढे लोकलच्या गर्दीतून वाट काढायची आहे. उशिरा धावणारी गाडी या शेवटच्या पट्ट्यात आणखी रखडते. त्यात तिकिटावर दोन वेळा असतात, जहाज सुटण्याची आणि चेक-इन बंद होण्याची. लोक पहिली लक्षात ठेवतात, खरी आहे ती दुसरी. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि एकदा बंद झालं की ‘दहाच मिनिटं झाली ना भाऊ’ म्हणून उपयोग नसतो. पुढच्या बंदरावर जाऊन चढू, हेही कंपनीच्या परवानगीशिवाय होत नाही.

गाडी खरोखरच रखडली तर कल्याण किंवा ठाण्याला चौकशी करा. लोकल सुरळीत असतील तर उतरून, लोकलचं वेगळं तिकीट काढून सीएसएमटीची फास्ट लोकल धरा. लोकलही अडकल्या असतील तर ठाण्याहून टॅक्सी करा, पूर्व द्रुतगती महामार्गाने येऊन ईस्टर्न फ्रीवे घ्या. आणि गाडीत बसल्या बसल्याच जहाज कंपनीला फोन करून ठेवा, टर्मिनलवर धापा टाकत पोचल्यावर नाही.

तारखांकडेही बघा. डिसेंबरचा पहिला आठवडा घेतला असेल तर ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन आहे. दीक्षाभूमीच्या गावात हे कुणाला सांगायला नको: त्या दिवसांत नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते आणि ६ च्या रात्रीपासून परतीच्या गाड्यांचंही तेच. हिवाळी अधिवेशन भरलं की मुंबई-नागपूर विमानांची भाडी चढतात. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, तेव्हा दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळी बंद असतात. इतर रविवारी लोकलचा मेगाब्लॉक आहेच.

मावशीचं घर

कल्याण, डोंबिवली, ठाणे इथे नागपूरकरांचं कुणी ना कुणी असतंच. ‘हॉटेलात कशाला उतरता? आमचं घर काय परकं आहे?’ या वाक्यापुढे भले भले हरतात. मग रात्री गप्पा, सकाळी पोहे, ‘जेवूनच जा’चा आग्रह, आणि त्यानंतर चार मोठ्या बॅगा घेऊन डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहणं. सकाळच्या वेळी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये रोजचा माणूस मोकळ्या हाताने चढताना झटतो, तिथे चाकांच्या बॅगा आणि आजीला घेऊन चढणं हा वेडेपणा आहे. टॅक्सी केली तरी ठाण्यापर्यंतच्या वाहतुकीचा भरवसा नाही.

मावशीला आधीच सांगून टाका, ‘येताना दोन दिवस राहतो.’ तिलाही तेच बरं वाटेल, जहाजाच्या गोष्टी ऐकायला मिळतील. आणि गाडीत सवयीने दादरला उतरू नका. या प्रवासात सीएसएमटीलाच उतरायचं. तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे जिथे क्रूझचं जहाज लागतं तो धक्का, दोनेक किलोमीटर आहे.

समृद्धीचे आठ तास

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. तेव्हापासून आपल्याकडे ‘आठ तासांत मुंबई’ हे वाक्य पानठेल्यावर ऐकू येतं. आठ तास आमणेपर्यंतचे. आमणे भिवंडीजवळ आहे, बॅलार्ड पिअरजवळ नाही. तिथून पुढे भिवंडी, ठाणे आणि मुंबई असा जो पट्टा आहे, त्याला संध्याकाळी किती वेळ लागेल हे ठाण्यातला माणूसही छातीठोकपणे सांगत नाही. दुपारी आमण्याला पोचण्याच्या हिशेबाने निघा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून ड्रायव्हर दोन हवेत. टायर निघण्यापूर्वी तपासा.

गाडीने जाणाऱ्यांचा आणखी एक घोळ म्हणजे चार दिवस गाडी ठेवायची कुठे, हा प्रश्न त्यांना टर्मिनलच्या दारात पडतो. तो नागपूर सोडण्याआधी सोडवा, नाहीतर गाडी ठाण्यातल्या नातेवाइकांकडे ठेवून पुढे टॅक्सीने या.

विमानतळ कोणता?

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. तिकीट काढताना दोन्हींची नावं एकाखाली एक येतात आणि स्वस्त दिसेल त्यावर बोट पडतं. नवी मुंबई वाईट नाही. टॅक्सीने अटल सेतूवरून शिवडीला आणि तिथून फ्रीवेने दक्षिण मुंबईत येता येतं, फक्त टॅक्सीच्या भाड्यात सेतूचा टोल धरा. गोंधळ होतो तो हॉटेलने किंवा भाच्याने गाडी सांताक्रूझ-अंधेरीकडच्या विमानतळावर पाठवली की.

‘क्रूझ टर्मिनलला चला’

टॅक्सीवाल्याला एवढंच सांगितलं तर तो तुम्हाला तीन ठिकाणी नेऊ शकतो. एक, भाऊचा धक्का: तिथून मांडव्याची रो-रो सुटते आणि मोठ्या बोटी म्हटलं की अनेकांना तोच आठवतो. दुसरं, गेटवे ऑफ इंडिया: तिथून एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँचेस सुटतात, समुद्रात जाणारं मोठं जहाज तिथे लागत नाही. तिसरं, बॅलार्ड पिअरचं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल, आणि जायचं तिथेच आहे. म्हणून ‘बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट’ असं सांगा आणि बोर्डिंग पासवर कोणतं गेट लिहिलंय ते आदल्या रात्री वाचून ठेवा.

चुकून भाऊच्या धक्क्यावर उतरलात तर घाबरू नका. पी. डिमेलो रस्त्याने दक्षिणेकडे तीन-चार किलोमीटरवर बॅलार्ड पिअर आहे, तीच टॅक्सी पुढे न्या. गेटवेहून जेमतेम दोन किलोमीटर. मात्र नकाशात पाहून ‘किनाऱ्या-किनाऱ्याने चालत जाऊ’ असं ठरवू नका, मध्ये नौदलाची गोदी आहे, तिथून वाट नाही. शहीद भगतसिंग मार्गानेच यावं लागतं.

ऑटो शोधत उभं राहणं

नागपुरात घराबाहेर पडलं की ऑटो. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला ऑटो चालतच नाहीत, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. आणि ती मीटरने चालते, आपल्याकडच्यासारखी ‘बर्डीचे किती?’ अशी घासाघीस नाही. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये आहेत. स्टेशनसमोर कुणी अंगावर येऊन ठोक रक्कम सांगू लागला तर पुढे चाला, रस्त्यावरची चालती टॅक्सी थांबवा. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर जवळचं भाडं असल्याने काही जण नाही म्हणतात. दोन-तीन टॅक्सींना विचारायची तयारी ठेवा.

विमानाने येणाऱ्यांसाठी आता भुयारी मेट्रो ३ आहे, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना तिची स्टेशनं आहेत आणि ती थेट सीएसएमटीला आणून सोडते. कमी सामान असेल तर टॅक्सीपेक्षा मी हीच घेईन. खाली मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिकीट वर असतानाच काढा. बॅगा फार असतील तर सरळ टॅक्सी करा, जिन्यांवर कंबरडं मोडून घेऊ नका.

पाहायचं काय, आणि काय नाही

बर्डीहून सोनेगाव विमानतळ आपण वीस-पंचवीस मिनिटांत गाठतो, म्हणून मुंबईच्या नकाशावर तेवढंच अंतर दिसलं की तेवढाच वेळ धरतो. जुहू ते फोर्ट हे अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नका. एलिफंटा तर जहाजाच्या दिवशी नकोच: एका बाजूला सुमारे तास लाँच, वर पायऱ्यांची चढण, परतीच्या लाँचसाठी रांग. सोमवारी लेणी बंद असतात, हे गेटवेवर जाऊन कळणारे दर सोमवारी असतात.

फोर्टमध्ये चालत पाहण्यासारखं इतकं आहे की एक दिवस पुरत नाही. सीएसएमटीची इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आपण तिथे गाडी पकडायला धावतो, मान वर करून कधी बघत नाही. समोर महापालिकेची इमारत. तिथून हुतात्मा चौक, जिथे संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. विदर्भवादी असाल तर तिथे वाद काढू नका, वेळ कमी आहे. पुढे हॉर्निमन सर्कल आणि १८३३ चा टाउन हॉल, ज्याच्या पायऱ्यांवर बसून दमलेल्या पायांना विश्रांती देता येते. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला राजाबाई टॉवर आणि गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको घरं. हा अख्खा समूह २०१८ मध्ये वारसा यादीत गेला. ऊन चढलं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरा. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह.

पंचेचाळीस डिग्रीत वाढलेल्या माणसाला ‘मुंबईचं काय ऊन!’ असं वाटतं. तिथे ऊन नाही, दमटपणा मारतो. पाणी पीत राहा, दुपारी दोन तास खोलीत पडा. आदल्या रात्री कुठल्याही गाडीवर झणझणीत हाणू नका. पोट बिघडलेल्या माणसाला जहाजाचं डोलणं दुप्पट जाणवतं, आणि आजारी दिसणाऱ्याची चेक-इनला चौकशीही होऊ शकते. बॅलार्ड इस्टेटमध्येच ‘ब्रिटानिया’ हे १९२३ पासूनचं इराणी हॉटेल आहे, बेरी पुलावासाठी प्रसिद्ध. दुपारी जायचं तर लवकर जा.

सामान

या दिवसाचं वेळापत्रक तुमचं सामान ठरवतं. हॉटेल सकाळी खोली रिकामी करायला सांगतं, बोर्डिंग दुपारी, मधले तीन-चार तास लोक बॅगा ओढत गेटवेवर फोटो काढतात. बॅगा हॉटेलच्या रिसेप्शनला ठेवा, बहुतेक जण ठेवून घेतात. सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवायच्या असतील तर प्रत्येक बॅगेला कुलूप हवं आणि रेल्वेचं तिकीट जवळ हवं. कुलूप नसलेली बॅग ते घेत नाहीत, आणि आपल्या चिवड्याच्या पिशवीला चेनही नसते.

त्या पिशवीबद्दलही बोलू. बाहेरचं खाणं जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत, दारू नाहीच, इस्त्री आणि पाणी तापवायची कॉइल तर तपासणीत बाजूला काढतात. संत्रा बर्फीचे चार डबे मुंबईतल्या नातेवाइकांसाठी असतील तर ते आदल्या दिवशीच कुणाच्या हाती द्या. टर्मिनलवर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला काही तास लागू शकतात, म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, लहान मुलाचे कपडे आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं हातातल्या पिशवीत. लहान मुलांचंही ओळखपत्र लागतं. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे निघण्याच्या आठवडाभर आधी बघा. लग्नानंतर बदललेली आडनावं इथेच अडतात. जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने असावी.

परतीचा दिवस

जहाज सकाळी मुंबईला लागलं तरी उतरायला गटागटाने सोडतात, त्यामुळे दुपारच्या आतलं तिकीट काढू नका. संध्याकाळची विदर्भ किंवा रात्रीची दुरांतो बरी. मधला वेळ मोकळा मिळतो आणि सिद्धिविनायक, राणीची बाग हे सगळं आता करता येतं. राणीची बाग बुधवारी बंद असते. सामान क्लोक रूममध्ये टाकून निघा आणि गाडीच्या दीड तास आधी सीएसएमटीला परत या, कारण संध्याकाळी दादरहून दक्षिणेकडे यायला टॅक्सीपेक्षा लोकल बरी आणि ती उलट दिशेची असल्याने त्या वेळी तिच्यात उभं तरी राहता येतं.