आपलं म्हणणं समोरच्याला पटवून कसं द्यावं?

भाषण किंवा निवेदन लिहायला बसलं की आपण आधी दमदार सुरुवात शोधू लागतो. त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. ज्यांच्यापुढे हे मांडायचं आहे, त्यांना आज, तुम्ही तोंड उघडण्याआधीच, काय मान्य आहे? ऐकणारा एकदम अनोळखी मताकडे जात नाही. जे तो आधीपासून मानतो, त्यातूनच तुमचं म्हणणं निघतंय असं दिसलं तर तो तुमच्यासोबत येतो. अलंकार, आवाजाचे चढउतार, टाळ्यांची वाक्यं हे सगळं नंतरचं.

समजा, एक वाचनालय संध्याकाळी सहाला बंद होतं आणि ते रात्री नऊपर्यंत उघडं राहावं, असं तुम्हाला व्यवस्थापन समितीला पटवायचं आहे. हेच उदाहरण धरून पुढे जाऊ.

१. ऐकणाऱ्याच्या बाजूने सुरुवात करा

आधी निर्णय कोणाच्या हातात आहे ते पाहा. वाचकांची गैरसोय तुम्हाला दिसते. समितीच्या डोळ्यांपुढे कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, विजेचं बिल आणि रात्रीची सुरक्षितता असते. एका कागदावर दोन रकाने आखा. एकात समितीला मान्य असलेल्या गोष्टी लिहा, दुसऱ्यात तिला वाटणाऱ्या काळज्या. ‘वाचनालय वाचकांसाठी आहे’ हे समितीही मानतेच. मग दिवसभर नोकरी करणारा वाचक या वाचनालयात कधी यावा? निवेदनाची सुरुवात इथून करा.

याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण २८ ऑगस्ट १९६३ चं आहे. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकापाशी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग बोलले. लोकांच्या लक्षात राहिला तो शेवटाकडचा ‘माझं एक स्वप्न आहे’ हा भाग. पण भाषणाचा पाया त्याच्या बराच आधी घातलेला आहे. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना म्हणजे देशाने प्रत्येक नागरिकाला लिहून दिलेली वचनचिठ्ठी आहे, असं ते म्हणाले. कृष्णवर्णीय नागरिकांच्या हाती मात्र न वटणारा चेक पडला. पुरेशी शिल्लक नाही, असा शेरा घेऊन तो परत आला. म्हणजे किंग यांनी नवं काही मागितलंच नाही. देशाने स्वतःच्या सहीने कबूल केलेलं देणं त्यांनी मागितलं. राज्यघटनेचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला ही मागणी फेटाळायची तर आधी तो अभिमान सोडावा लागणार होता.

२. वाद नेमका कुठे अडला आहे ते शोधा

या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून इथे जरा थांबू. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात हर्मागोरास नावाच्या ग्रीक शिक्षकाने वादाच्या अडण्याच्या जागा चार प्रश्नांत बसवल्या. गोष्ट घडली का? घडली असेल तर तिला काय म्हणायचं? ती योग्य की अयोग्य? आणि हा निर्णय इथे, या लोकांनी घ्यायचा आहे का? न्यायालयासाठी बांधलेली ही चौकट कुठल्याही बैठकीत उपयोगी पडते.

समिती म्हणते, ‘सहानंतर कोणी येतच नाही.’ हा वाद पहिल्या प्रश्नावर अडलेला आहे. इथे वाचनसंस्कृतीवर कितीही सुंदर बोललात तरी ते वाया जाईल. सहानंतर बंद दारावरून किती जण परत जातात, याची नोंदच दाखवायला हवी. समिती म्हणाली, ‘लोक येतात, पण ते वाचक नाहीत, नुसते बसायला येतात,’ तर अडचण दुसऱ्या प्रश्नावर आहे आणि वाचक कोणाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागेल. ‘हे सगळं खरं, पण वेळा ठरवणं आमच्या हातात नाही,’ असं उत्तर आलं तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. पुष्कळ चांगली निवेदनं हरतात, कारण त्यांतला पुरावा एका प्रश्नाचा असतो आणि मतभेद दुसऱ्याच प्रश्नावर असतो.

सोबत काळही तपासा. अ‍ॅरिस्टॉटलने भाषणांचे तीन प्रकार केले होते. न्यायालयातलं भाषण झालेल्या गोष्टींबद्दल असतं, गौरवाचं किंवा निंदेचं भाषण मुख्यतः वर्तमानाबद्दल, आणि सभेत निर्णय घेण्यासाठी केलेलं भाषण पुढच्या काळाबद्दल. ‘इतकी वर्षं तुम्ही लक्षच दिलं नाही’ असं म्हणालात की समिती आरोपीच्या पिंजऱ्यात जाते आणि स्वतःचा बचाव करू लागते. बोलणं ‘येत्या महिन्यापासून काय करता येईल’ यावर आणा.

३. तुमच्यावर विश्वास का ठेवावा?

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते बोलणाऱ्यावर विश्वास बसतो तो तीन गोष्टींमुळे: त्याला विषयाची समज आहे, त्याचं चारित्र्य चांगलं आहे आणि तो आपलं भलं चिंततो. विशेष म्हणजे हा विश्वास भाषणातूनच उभा राहावा, आधीच्या प्रतिष्ठेवर अवलंबून नसावा, असं तो सांगतो. नाव नसलेल्या माणसालाही त्यामुळे वाव मिळतो.

यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आपल्या बाजूची उणीव स्वतः सांगणं. ‘यामुळे एका कर्मचाऱ्याची पाळी वाढेल, हे आम्हाला मान्य आहे’ असं तुम्ही आधीच म्हणालात, तर तो मुद्दा विरोधकाच्या हाती धारदार राहत नाही. मात्र उणीव सांगून तसंच पुढे जाऊ नका. लगेच तोडगा ठेवा. सुरुवातीला आठवड्यातले दोनच दिवस वेळ वाढवून पाहता येईल, हा तसा तोडगा आहे.

४. तर्काची एक कडी ऐकणाऱ्यासाठी ठेवा

सगळं उलगडून सांगू नका. ‘परीक्षेच्या महिन्यातही सहा वाजता दाराला कुलूप लागतं.’ इतकं म्हणून थांबा. परीक्षेच्या काळात अभ्यासाला जागा मिळायला हवी, ही मधली कडी ऐकणारा स्वतः जोडतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा सोडत नाही. अर्थात ती समजूत त्याच्याकडे असायला हवी. म्हणूनच पहिली पायरी टाळता येत नाही.

भावनेचंही तसंच आहे. ‘अत्यंत खेदजनक’ असे शब्द वापरून खेद वाटत नाही. बंद दाराबाहेर पायरीवर बसून वही पुरी करणारी मुलगी दाखवली तर वाटतो. पण ती मुलगी खरी असली पाहिजे. माझी कसोटी साधी आहे: तुम्ही कोणती युक्ती वापरली हे ऐकणाऱ्याला उद्या कळलं, तरी त्याचा निर्णय टिकेल का? टिकणार नसेल, तर ती फसवणूक आहे आणि ती करू नये.

५. अलंकार शेवटी, आणि अर्थ सांगत असेल तरच

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात प्रवेश करत आहोत: राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. इथे समता आणि विषमता हा शब्दांतला विरोध शोभेसाठी आणलेला नाही. जी विसंगती देशात आहे, तीच वाक्यात समोरासमोर उभी केली आहे. दुसऱ्या महायुद्धात, ४ जून १९४० च्या भाषणात ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी ‘आम्ही लढू’ हे पुन्हा पुन्हा म्हटलं आणि अखेरीस साचा मोडून ‘आम्ही कधीही शरण जाणार नाही’ असं म्हटलं. पुनरुक्तीची ताकद बऱ्याचदा ती जिथे मोडते तिथे असते.

म्हणून पहिला खर्डा साध्या वाक्यांत लिहा. मग एकच मध्यवर्ती वाक्य निवडा आणि त्यावर मेहनत घ्या.

६. मोठ्याने वाचा, कापा, मागणी नेमकी करा

वक्तृत्वात सर्वांत महत्त्वाचं काय, असं तीनदा विचारल्यावर प्राचीन ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिसने तिन्ही वेळा ‘सादरीकरण’ हेच उत्तर दिलं, असं सांगतात. लेखी मजकूरही मोठ्याने वाचून पाहा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडा. १९ नोव्हेंबर १८६३ ला अमेरिकेतल्या गेटिसबर्गला नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले, राष्ट्राध्यक्ष लिंकन दोन-तीन मिनिटं. जग लिंकन यांचं भाषण पाठ करतं.

शेवटच्या परिच्छेदात भावनेचा नवा उमाळा नको. कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचं आहे ते लिहा: समितीने पुढच्या बैठकीत, दर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, तीन महिन्यांसाठी, प्रायोगिक मंजुरी द्यावी.